रॅप्टर, सहावा आठवडा: लॅकर आणि जुलै

गेल्या खेपेला "आता नुसता रंग राहिलाय" असं तोऱ्यात लिहून बसलो. कोल्हापुरात, जुलैमध्ये.

आधी जोडणीचं उरकतो. एफ-२२ रॅप्टर या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, खऱ्याच्या १/७२ आकाराचं. खरं विमान १८.९ मीटर लांब, माझ्या टेबलावर २६ सेंटीमीटरच्या जरा वर. शस्त्रांचे कप्पे बंदच ठेवलेत. पोटात सहा अ‍ॅमराम आणि दोन्ही कुशींत एकेक साइडवाइंडर मावतं, पण रडारपासून लपणाऱ्या विमानाची दारं सताड उघडी मला बघवत नाहीत. आठही क्षेपणास्त्रं सुट्या भागांच्या डब्यात गेली. इनटेकच्या, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या तोंडाच्या, आतल्या सांध्यापर्यंत पॉलिश पेपर पोचेना, म्हणून पांढरा रंग ओतला, विमान उलटं धरून निथळू दिलं. झालं.

शेपटीवर मात्र दोन संध्याकाळी गेल्या. पंखाची आणि आडव्या शेपटीची, दोन्हींच्या पुढच्या धारा ४२ अंशांनी मागे वळलेल्या आहेत. रडारची लहर मोजक्याच दिशांना परतावी म्हणून कडा अशा समांतर ठेवल्यात. त्यामुळे दुसऱ्या विमानात खपून जाणारा वाकडेपणा इथे दारातूनच दिसतो. लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन जुन्या लग्नपत्रिकेचा साचा कापला, तोही आधी चुकीचा. मी विमानाच्या मधल्या रेषेपासून ४२ मोजले. हा कोन मोजायचा आडव्या रेषेपासून, म्हणजे मधल्या रेषेशी तो होतो ४८. दुसऱ्या पत्रिकेवर जमलं. डावी बाजू लगेच बसली, उजवीची खुंटी तासावी लागली.

आता रंग. शनिवारी जरा उघडलं म्हणून लॅकरचा, म्हणजे झटकन वाळणारा, राखाडी काढला. पहिला हात मारून चहा घेऊन येतो तोवर डाव्या पंखावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका पट्टा! थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं. हे मला माहीत होतं. तरी मारला.

उद्यमनगरात मोटारींना रंग मारणारे ओळखीचे मामा आहेत, त्यांना फोटो दाखवला. केवढं विमान, कशाला केलंस, काही विचारलं नाही.

"लॅकर मारलास व्हय ह्या हवंत? खरवडू नकोस. नुसतं स्लो थिनर मार वरनं, हलक्या हातानं."

मारलं, सावकाश उडणारं ते थिनर. रंग जरासा नरम पडला, आतलं पाणी निघून गेलं आणि डोळ्यांदेखत राखाडी परत आला. पंखाच्या टोकाशी मी हात जड केला तिथे ओघळ आला, तो १५०० नंबरच्या वॉटर पेपरनं बसवला. आता रंग फवारणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नळीला हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावलाय, आणि खोक्यात साठचा बल्ब. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तसं विमान रात्रभर त्यात असतं.

रॅप्टरच्या राखाडीला धातूची झाक आहे, उजेड फिरला की छटा फिरते. प्लास्टिकच्या चमच्यांवर प्रयोग केले. दहा थेंब राखाडीला एक थेंब चंदेरी घातला तर थेट हुपरीचं पैंजण. वीसला एक ठीक वाटतंय, पण पक्कं ऊन पडल्यावरच ठरवेन. म्हणजे कधी, विचारू नका. पंखांच्या कडांचा फिकट पट्टा आणि त्यासाठी चिकटपट्टीचं दातेरी मास्किंग त्यानंतर.

कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला, सोनेरी झाक द्यायला टामिया कंपनीचा एक्स-२४ क्लिअर यलो आणि एक्स-१९ स्मोकचा एक थेंब, एवढंच वापरलं. सुपर ग्लू मात्र तिच्या आसपास फिरकू द्यायचा नाही, वाफेनं काच पांढरी पडते. धूळ बसू नये म्हणून सध्या ती स्टीलच्या पातेल्याखाली झाकून ठेवलीय. आईनं ते पातेलं कालपासून दोनदा मागितलंय.