माल पुढे, पैसे मागे : आमची वाटचाल

आमची फर्म लहान आहे. निर्यातदार-आयातदारांची कागदपत्रे तयार करणे, तपासणे, बँकेत सादर करणे, परकीय चलनाचा धोका कसा सांभाळायचा ते सांगणे आणि अलीकडे परदेशी भांडवल घेऊ पाहणाऱ्या उद्योगांना सल्ला देणे, एवढे आमचे काम. माझी भागीदार आधी एका बँकेच्या परकीय व्यापार विभागात होती, मी मालवाहतूक एजंटाकडे कागदपत्रे बघायचो. दोघांनाही रोज एकच दिसायचे. माल बंदरातून वेळेवर सुटतो, समोरच्या देशात पोचतोसुद्धा, आणि पैसे मात्र मध्येच कुठेतरी थांबतात. मोठ्या कंपन्यांकडे ते शोधायला वेगळा विभाग असतो. छोट्या कारखानदाराला विचारायलाही कोणी नसते. त्याच्यासाठी हे काम आपण करावे, म्हणून फर्म काढली.

पहिली काही वर्षे बहुतेक काम एलसीचे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटचे. विकणारा एका देशात, घेणारा दुसऱ्या देशात. आधी पैसे द्यायची एकाची तयारी नसते, आधी माल सोडायची दुसऱ्याची नसते. मग घेणाऱ्याची बँक लेखी हमी देते : अमुक कागदपत्रे अमुक तारखेच्या आत अटींप्रमाणे आणून द्या, पैसे आम्ही देऊ. या हमीचे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केले आहेत, त्यांना यूसीपी म्हणतात. त्यांची पहिली आवृत्ती १९३३ ची. आम्ही कामाला लागलो तेव्हा यूसीपी ५०० चालू होती, १ जुलै २००७ पासून यूसीपी ६०० लागू झाली. जुन्या नियमांत कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त सात बँकिंग दिवस मिळायचे, नव्यात पाच झाले. ज्याने कच्चा माल उधारीवर उचलला आहे आणि ज्याला महिनाअखेरीस पगार करायचे आहेत, त्याला हे दोन दिवस चांगलेच कळतात.

एलसीत बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. तसे नियमातच लिहिले आहे आणि नव्या निर्यातदाराच्या पचनी पडत नाही ते नेमके हेच. चेंबरने बँकांच्या प्रचलित पद्धतींची एक पुस्तिका काढली आहे. तिच्यानुसार ‘मशीन’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले तर तो दोष नाही, कारण अर्थ बदलत नाही. पण मॉडेल ३२१ च्या जागी १२३ पडले, तर कागद परत. म्हणून आमच्याकडे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेला, पलीकडे माल सोडवायला लागणारा कागद) आणि विम्याचा कागद एकमेकांशेजारी ठेवून दोघे जण मोठ्याने वाचतात. विमा किमतीच्या किमान ११० टक्के आहे ना, जहाजावर माल चढल्याची तारीख एलसीतल्या शेवटच्या तारखेच्या आत आहे ना, आणि त्या तारखेपासून २१ दिवसांत कागद बँकेत जातील ना, हे त्या वाचनातच बघून होते.

एका ग्राहकाच्या मालाबाबत जहाजावरच्या अधिकाऱ्याने मेट्स रिसीटवर, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीवर, शेरा मारला : दोन खोक्यांचे पॅकिंग फाटलेले. तोच शेरा बिल ऑफ लेडिंगवर उतरला असता, तर ते बिल ‘क्लीन’, म्हणजे मालाच्या दोषाचा शेरा नसलेले, राहिले नसते आणि बँकेने ते नाकारले असते. अशा वेळी काही जण ‘पुढे नुकसान झाले तर आम्ही भरून देऊ’ असे हमीपत्र जहाज कंपनीला लिहून देतात आणि शेरा गाळून घेतात. ग्राहकही तेच करू या म्हणत होता, कारण जहाज सुटायला थोडाच वेळ होता. आम्ही नाही म्हणालो. पलीकडे ज्याने पैसे मोजले त्याला फाटके खोके मिळणार आणि हातातला कागद सांगणार की सगळे ठीक आहे. ही सरळ फसवणूक झाली. शिवाय कायद्यातही असे हमीपत्र टिकत नाही. गळक्या पिंपांतून संत्र्याचा रस पाठवल्याच्या प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९५७ सालीच तसा निकाल दिला आहे. खोकी उतरवली, पुन्हा पॅक केली, नवी रिसीट घेतली आणि मगच बिल काढले. तो ग्राहक आजही आमच्याकडे आहे.

एलसीखालोखाल आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : “समोरच्याने पैसे पाठवलेत, पावतीही पाठवली, मग आमच्या खात्यात का नाहीत?” याचे उत्तर समजावून सांगणे हा मी आमच्या कामाचाच भाग मानतो. देशांमधून नोटा हलत नाहीत. एका बँकेचे दुसऱ्या देशातल्या बँकेत खाते असते, त्याला नॉस्ट्रो म्हणतात. एका खात्यात नावे पडते, दुसऱ्यात जमा होते, एवढेच घडते. दोन बँकांची एकमेकींत खाती नसतील, तर दोघींचे खाते असलेली तिसरी बँक मध्ये येते, कधी चौथीही. प्रत्येक जण आपले शुल्क कापतो, निर्बंधांच्या यादीत कोणाचे नाव आहे का ते तपासतो आणि आपल्या सुट्टीच्या दिवशी बंद असतो. स्विफ्ट या सगळ्यांत फक्त निरोप पोचवते. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून ती ब्रुसेल्समध्ये स्थापन केली. पैसे तिच्या हातातून जात नाहीत. पावती म्हणजे निरोप निघाल्याचा पुरावा. जमा व्हायची ती नोंद अजून मधल्या एखाद्या बँकेच्या टेबलावर असू शकते.

आता प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक असतो आणि त्यावरून तो कोणत्या बँकेत अडला ते बघता येते. पूर्वी फोन आणि पत्रे यांतच आठवडे जायचे. एक दुखणे मात्र वाढत गेले आहे. २०११ ते २०१८ या काळात जगातल्या अशा मध्यस्थ बँकांची संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटली. तपासणीचा खर्च आणि दंडाची भीती यांमुळे मोठ्या बँकांनी लहान देशांतले संबंध तोडले. तिथला खरेदीदार प्रामाणिक असतो, त्याच्याकडे पैसे असतात, आणि ते पाठवायला वाट नसते. हे मला अन्याय्य वाटते आणि मी ते प्रत्येक बँक अधिकाऱ्याला सांगत आलो आहे.

२००८ साली आमची फर्म नवी होती. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक कोसळली आणि काही आठवड्यांतच एका बँकेची हमी दुसरी बँक मानेना. माल तयार, खरेदीदार तयार, आणि एलसी कोणी पुढे घेईना. कोरडा माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक त्या मे महिन्यात ११,७९३ वर होता, डिसेंबरच्या सुरुवातीला ६६३ वर आला. एप्रिल २००९ मध्ये लंडनला जमलेल्या जी-२० देशांनी व्यापाराच्या वित्तपुरवठ्यासाठी २५० अब्ज डॉलरचे पाठबळ जाहीर केले. त्या हिवाळ्यात आमच्या जुन्या ग्राहकांना आम्ही कन्फर्म्ड एलसी घ्यायला लावली. तिच्यात विकणाऱ्याच्या ओळखीची दुसरी बँक आपलीही हमी जोडते. खर्च वाढला, कुरकुर झाली, पण पैसे आले. तेव्हापासून नवा देश किंवा नवी बँक आली की आम्ही आधी तोच प्रश्न विचारतो : हमी कोणाची, आणि त्या हमीदाराला कोण ओळखतो?

मग चलनाचे काम आले. त्यातला एक दिवस सांगतो. आमच्या एका ग्राहकाची विक्री युरोत होती आणि त्याने स्वित्झर्लंडमधून यंत्र मागवले होते, त्याचे पैसे फ्रँकमध्ये द्यायचे होते. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक ही पातळी धरून ठेवली होती. दर हलतच नाही, मग फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे पुढचा दर आजच बांधून घेण्यावर, खर्च कशाला, असे त्याचे म्हणणे. आमचे म्हणणे असे की ज्याने दर धरून ठेवलाय तो तो सोडूही शकतो, आणि सोडताना आपल्याला विचारणार नाही. बऱ्याच चर्चेनंतर त्याने निम्म्या रकमेचा दर बांधून घेतला. १५ जानेवारी २०१५ च्या सकाळी बँकेने ती पातळी सोडल्याचे जाहीर केले आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. नंतर तो साधारण एकास एकच्या आसपास स्थिरावला. बांधलेला निम्मा भाग ठरल्या दराने गेला, उरलेल्याला तेवढ्याच फ्रँकसाठी बरेच जास्त युरो मोजावे लागले. यंत्र तेच, किंमत तीच, आणि एकाच इनव्हॉइसचे दोन वेगवेगळे खर्च पडले.

गुंतवणुकीच्या कामाकडे आम्ही ठरवून गेलो नाही, ग्राहकांनीच ओढले. निर्यात वाढली, कारखाना मोठा करायचा आहे, बाहेरचा भांडवलदार तयार आहे, आता काय करायचे? व्यापाराच्या पैशापेक्षा हा पैसा निराळा. मालाचे पैसे आले की हिशेब मिटतो. गुंतवणुकीचे पैसे आले की हिशेब सुरू होतो : लाभांश, व्याज, रॉयल्टी, आणि एके दिवशी हिस्सा विकून बाहेर पडणे. आंतरराष्ट्रीय हिशेबात १० टक्के किंवा त्याहून जास्त मताधिकार घेतला तर ती थेट गुंतवणूक धरतात, त्याखालचे समभाग पोर्टफोलिओत जातात. थेट गुंतवणूकदाराला कारखाना उचलून नेता येत नाही. पोर्टफोलिओवाला दुपारी विकून संध्याकाळी बाहेर पडू शकतो.

देशाच्या पातळीवर व्यापार आणि गुंतवणूक ही एकाच वहीची दोन पाने आहेत. ज्या देशाची आयात निर्यातीपेक्षा जास्त, त्याला तो फरक कर्ज घेऊन, बाहेरचे भांडवल आणून किंवा साठवलेल्या परकीय चलनातून भागवावा लागतो. अमेरिकेला माल विकून मिळालेल्या डॉलरांतला मोठा भाग अमेरिकेच्याच सरकारी रोख्यांत परत जातो, तो यामुळेच.

या विभागात मी एका बाबतीत हट्टी आहे. ज्या चलनात कमाई नाही, त्या चलनात कर्ज घेऊ नका. व्याजदर कमी दिसतो म्हणून मोह होतो. थायलंडमधल्या कंपन्यांनाही झाला होता. डॉलरचा भाव साधारण २५ बाहतला बांधलेला, म्हणून त्यांनी डॉलरमध्ये भरपूर कर्ज उचलले. २ जुलै १९९७ रोजी बाहत मोकळा सोडावा लागला आणि जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५० बाहतच्या वर गेला. विक्री तेवढीच, कारखाना तोच, आणि देणे दुप्पट. बाहेरचा पैसा घ्यायचाच असेल, तर स्थानिक बाजारावर जगणाऱ्या उद्योगाने तो भागभांडवल म्हणून घ्यावा. नफा झाला तरच लाभांश जातो. मालकीचा हिस्सा द्यावा लागतो हे खरे, आणि त्यावरून आमच्याशी वाद घालून दुसऱ्या सल्लागाराकडे गेलेले ग्राहकही आहेत. तरी सल्ला बदललेला नाही.

जे काम आम्ही नाकारतो तेही लिहितो. पैसे नुसते एका देशातून दुसऱ्यात फिरवून आणायचे आणि मध्ये एक कार्यालय नसलेली कंपनी ठेवायची, अशी मागणी अधूनमधून येते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियतकालिकात २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज होता की जगातल्या थेट गुंतवणुकीच्या आकड्यातला जवळजवळ ४० टक्के भाग अशा पोकळ कंपन्यांतून जातो. त्यात कारखाना उभा राहत नाही, कोणाला नोकरी लागत नाही, फक्त कर चुकतो. इनव्हॉइसची किंमत फुगवून किंवा दाबून पैसे बाहेर काढून द्या म्हणणारेही येतात. दोन्ही फाइली आम्ही उघडतच नाही.

सध्या सगळे लक्ष इलेक्ट्रॉनिक बिल ऑफ लेडिंगवर आहे. २०२० साली विमाने थांबली तेव्हा कुरिअरची मूळ कागदपत्रे अडकली, माल बंदरात पोचला आणि तो सोडवायचा कागद मागे राहिला. हा त्रास कायमचा संपू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक कागदाला मूळ कागदाइतकाच मान देणारा नमुना कायदा दिला, ब्रिटनचा असा कायदा २० सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. आमच्या दोन ग्राहकांचे व्यवहार आम्ही पूर्णपणे कागदाविना करायला घेतले आहेत. एकात दोन्ही बाजूंच्या बँका तयार आहेत. दुसऱ्यात खरेदीदाराच्या देशाचा कायदा अजून मूळ कागदच मागतो, म्हणून तिथे इलेक्ट्रॉनिक प्रत तपासणीसाठी आधी जाते आणि कागदी बिल कुरिअरने मागून जाते.