तुम्ही विचारलंत म्हणून : ख्रिस्ती माणसानं कर्ज काढावं का?

माझी नोकरी पतसंस्थेच्या कर्ज विभागात गेली आणि आमच्या चर्चच्या मंडळीत मी वडील, म्हणजे एल्डर, म्हणून काम बघतो. त्यामुळं हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी बाजूला घेतं आणि हळू आवाजात विचारतं, "काका, फ्लॅटसाठी कर्ज काढतोय. वचनाप्रमाणं चालतंय का?" विचारणाऱ्याच्या मनात प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र असतं, तेराव्या अध्यायातलं : प्रीतीखेरीज कोणाच्याही ऋणात राहू नका.

चालतं. आधीच्याच ओळीत पौल कर आणि जकातीबद्दल बोलतोय. ज्याचं जे देणं आहे ते देऊन टाका, असा तो सगळा सूर आहे. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हप्ता थकवू नका. कर्ज काढणंच पाप असतं, तर उसनं मागणाऱ्याला पाठ दाखवू नको असं प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं नसतं. दुसऱ्या राजे पुस्तकातली ती विधवा आठवा. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवभीरू माणूस, आणि तो कर्ज ठेवून मेला. सावकार तिची दोन मुलं गुलाम म्हणून न्यायला आला. ती ज्याच्याकडं जाते तो संदेष्टा अलीशा तिच्या नवऱ्याला नावं ठेवत नाही, घरात काय आहे ते विचारतो. घरात असतं ते कुपीभर तेल चमत्कारानं वाढल्यावर सांगतो, ते विक, आधी कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुलं जगा. हा क्रम मी वसुलीला आलेल्या कितीतरी लोकांना सांगितला आहे, ख्रिस्ती नसलेल्यांनाही.

पण पाप नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे. ऋणको धनकोचा दास होतो, हे नीतिसूत्रातलं वाक्य मला आज्ञेपेक्षा निरीक्षण वाटतं. कर्ज थकलेला माणूस संस्थेसमोरचा रस्ता टाळतो, हे मी खिडकीतून बघायचो. पुढं तो लग्नकार्य टाळतो, मग उपासनाही टाळायला लागतो, कारण जामीनदार पुढच्याच बाकावर बसलेला असतो.

आपल्या व्यासपीठांवरून मात्र एक अर्धवट गोष्ट ऐकू येते. उपदेश सगळा कर्ज घेणाऱ्याला. बायबल उघडून बघा, कडक कायदे बहुतेक देणाऱ्यासाठी आहेत. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण रात्री तो काय पांघरणार? जात्याची तळी गहाण घेऊ नको, ते त्याचं पोट आहे. गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातली ही शेवटची आज्ञा वाचताना मला हल्लीची मोबाईलवरची झटपट कर्जं आठवतात. हप्ता चुकला की कर्जदाराच्या फोनमधल्या मेहुण्याला, साहेबांना, शेजाऱ्याला फोन जातात. घरात शिरणं दुसरं काय असतं?

नहेम्याच्या पुस्तकात पाचव्या अध्यायात तर आपल्या जिल्ह्यातलीच पंचायत बसल्यासारखी वाटते. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली होती. राजाचा कर भरायला कर्ज काढलं होतं, पोरी गुलाम झाल्या होत्या. प्रांताधिकारी नहेम्या सरदारांना भर सभेत उभं करून म्हणतो, आजच्या आज शेतं परत करा आणि शंभरावा हिस्सा जो घेताय तोही. तो दर महिन्याला शेकडा एक असावा असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्याकडं खाजगीत "पाच टक्क्यानं" म्हटलं की तोही महिन्याचाच दर, म्हणजे वर्षाला साठ. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा ठरवला, तरी तो पाच टक्के काही गेला नाही. मंडळीतलं कुणी असे पैसे फिरवत असेल, तर प्रभुभोजनाला बसण्याआधी पाळकांनी त्याच्याशी बोलावं, असं माझं मत आहे. ते सगळ्यांना आवडत नाही.

मग व्याज घ्यावंच का? मोशेचं नियमशास्त्र आपल्या भावाकडून व्याज घेऊ नको म्हणतं, परक्याकडून घ्यायला मुभा देतं. ३२५ साली निकियाच्या परिषदेनं धर्मसेवकांना व्याज घ्यायला बंदी केली. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिननं वेगळा विचार मांडला : उसन्या पैशावर धंदा करून जो कमावतो त्याच्याकडून माफक व्याज घेणं अन्याय नाही, पण अडलेल्या गरिबाकडून घेऊ नये. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले आणि १८७० मध्ये त्यांचं मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनच्या शिकवणीवर चालणारं, झालं. म्हणजे आम्ही कॅल्व्हिनच्याच परंपरेतले. पतसंस्थेत नोकरी करताना मला त्याचाच आधार वाटायचा. म्हशीसाठी दिलेलं कर्ज दुधाच्या बिलातून कापून घेणं एक, आणि दवाखान्याच्या बिलासाठी बायकोचं मंगळसूत्र घेऊन आलेल्याला तोच दर लावणं वेगळं. संस्थेत दोन्ही अर्ज एकाच खिडकीत येतात, पण मंडळीजवळ गरजू निधी असेल तर दुसरा माणूस त्या खिडकीपर्यंत यायलाच नको.

आता तुमच्या फ्लॅटचं. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं प्रभू लूककृत शुभवर्तमानात म्हणतो. आपण हिशेब करतो तो सगळं सुरळीत चालेल असं धरून. दोघांचे पगार धरून हप्ता बसवू नका, एकाच्या पगारात बसतो का बघा. मुलीच्या नर्सिंगसाठी कर्ज काढा, तिच्या हाताला काम लागेल. तिच्या लग्नाच्या हॉलसाठी आणि बँडसाठी काढू नका. आपल्यात हुंडा नाही म्हणून आपण मिरवतो आणि जेवणावळीसाठी सोनं तारण ठेवायला सराफांच्या गुजरीत जातो.

दशांशाबद्दलही, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देण्याबद्दलही, विचारता. कर्ज काढून अर्पण देऊ नका, कुठल्याही सभेत कुणी कितीही मोठ्यानं "पेरा म्हणजे उगवेल" म्हणालं तरी. मार्कच्या सातव्या अध्यायात देवाला वाहिलं असं म्हणून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूनं फटकारलं आहे. थकलेल्या हप्त्याचे पैसे तुमचे नाहीतच, ते अर्पणाच्या थैलीत टाकायचा अधिकार तुम्हाला कुठून आला? आणि असे पैसे मागणाऱ्या उपदेशकाकडं मी पुन्हा जाणार नाही.

कर्जमाफीची वाट बघावी का, हाही एक प्रश्न असतो. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी कर्ज सोडायची आज्ञा आहे, आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला नाही म्हणू नको, असंही देणाऱ्याला बजावलं आहे. तिथं माफी देणाऱ्याच्या खिशातून व्हायची आणि तारीख सगळ्यांना ठाऊक असायची. आपल्याकडची माफी निवडणूक बघून येते, त्यावर घराचा हिशेब बसवू नका.

राहिला जामीन. वडीलकीच्या नात्यानं माझ्याकडं सगळ्यात जास्त याचसाठी लोक येतात, "काका, नुसती सही पाहिजे." नुसती सही असं काही नसतं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि संस्थेनं महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढला की दोघांच्याही दारात माणूस येतो. नीतिसूत्र म्हणतं, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का जावं? पण मग पौल अनेसिमस या दासासाठी त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, लिहितो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. दोन्ही एकाच बायबलात आहेत, आणि मला त्यांच्यात भांडण दिसत नाही. पौल दुसऱ्याच्या भरवशावर सही करत नाहीये, तो फेडायच्या तयारीनं लिहितोय. म्हणून कुणी सही मागायला आलं की मी आधी कर्जाचा आकडा विचारतो. तेवढे पैसे गेले तरी माझ्या घराला आणि त्याच्या-माझ्या नात्याला झेपणार असतील, तरच सही करतो. नसतील, तर जेवढं जमेल तेवढं हातउसनं देतो आणि वहीत लिहीत नाही. यावर बायको म्हणते, "लिहीत नाही ते ठीक, पण मला सांगत तरी जावा."