तुम्ही विचारलंत म्हणून : दर सिनेमात मरणारा माणूस

जुन्या अमेरिकी सिनेमांचा विषय निघाला की ‘तुमचा आवडता नट कोण?’ हे विचारलं जातंच. मी एलिशा कुक ज्युनिअर म्हणतो. नाव ऐकून कोणाला काही बोध होत नाही. मग एखादा प्रसंग सांगितला की ‘अच्छा, तो होय! तो बुटका, घाबरट, शेवटी मरतो तो!’ आणि लगेच पुढचा प्रश्न : हम्फ्री बोगार्ट आहे, केरी ग्रँट आहे, एवढे बडे नायक असताना मग हाच का?

तर ऐका. त्या काळच्या हॉलीवूडचा एक साधा हिशेब होता. नायकाच्या नावावर तिकिटं विकली जायची, म्हणजे त्याला मारायची सोय नाही. पण खलनायक खरोखर किती भयंकर आहे हे तर दाखवायलाच हवं. मग ते कोणावर दाखवायचं? असा माणूस हवा, जो दोन मिनिटांत ओळखीचा वाटेल, पाचव्या मिनिटाला त्याची काळजी वाटायला लागेल आणि दहाव्या मिनिटाला तो मेला की आपण खुर्चीत सरसावून बसू. हे काम कुकइतकं चोख कोणाला जमलं असेल असं मला वाटत नाही.

‘शेन’ (१९५३) घ्या. त्यात कुक टोरी नावाचा शेतकरी, मूळचा अमेरिकेच्या दक्षिणेतला, अलाबामाचा. गडी तापट आणि बढाईखोर. गावात येतो. रस्त्यात चिखल. जॅक पॅलन्सचा भाडोत्री मारेकरी विल्सन दुकानापुढच्या लाकडी फळ्यांवरून सावकाश चालतोय आणि टोरी खाली चिखलातून, घसरत, त्याच्या बरोबरीने. विल्सन दक्षिणेतल्या लोकांना नावं ठेवतो. टोरी चिडून त्याला खोटारडा म्हणतो आणि पिस्तुलाला हात घालतो. त्याचं पिस्तूल अर्धवट बाहेर येईपर्यंत विल्सनचं रोखलेलं असतं. आता गंमत बघा, विल्सन लगेच गोळी झाडत नाही. क्षणभर थांबतो. त्या क्षणात कुकच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं : चुकलं, आता मागे फिरता येत नाही, आणि बहुतेक हा मला सोडेल अशी वेडी आशासुद्धा. मग बार. कुक उडून पाठीवर चिखलात पडतो. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सने त्याला तार बांधून मागे खेचून घेतलं होतं. त्याआधीच्या वेस्टर्नपटांत, म्हणजे काउबॉयवाल्या सिनेमांत, गोळी लागलेली माणसं छातीवर हात ठेवून, सावकाश, शिस्तीत पडायची. इथे पहिल्यांदा गोळीला वजन आलं. पुढचा सगळा सिनेमा त्या एका पडण्यावर चालतो, आणि तरी भिंतीवरच्या जाहिरातीत नाव नायकाचं, ॲलन लॅडचं!

बाकीची माहिती झटपट सांगून टाकतो. जन्म १९०३, सॅन फ्रान्सिस्को. वाढला शिकागोत. रंगभूमीवर बरीच वर्षं काढली. १९३३ साली यूजीन ओनीलच्या ‘आह, विल्डरनेस!’ या नाटकात जॉर्ज एम. कोहॅन बाप झाला होता, त्याच्या मुलाचं काम कुकने केलं आणि पुढे हॉलीवूडला गेला. नाव झालं ते १९४१च्या ‘द माल्टीज फाल्कन’मुळे. जॉन ह्यूस्टनचा दिग्दर्शक म्हणून तो पहिलाच सिनेमा. त्यात कुक विल्मर झालाय, म्हणजे गटमन नावाच्या जाड्या खलनायकाचा पोरगेला हस्तक. लांबलचक ओव्हरकोट आणि खिशात दोन पिस्तुलं. गुप्तहेर झालेला बोगार्ट त्याचा कोट मागून खांद्याखाली ओढतो, हात तिथल्या तिथे अडकतात, आणि पिस्तुलं काढून घेतो. आपल्याला हसू येतं. पण शेवटाकडे पोलिसांच्या हवाली करायला एक बकरा लागतो आणि गटमन विल्मरवर पाणी सोडतो. बेशुद्ध पडलेला विल्मर डोळे उघडतो, तर वरून सगळे चेहरे त्याच्याकडे बघताहेत. कोणीही काही सांगायची गरज नाही, त्याला कळलेलं असतं. तेव्हा कुक सदतिशीचा होता आणि पोरगा म्हणून सहज खपला.

‘घाबरट’ म्हणून त्याला निकालात काढणाऱ्यांशी माझं इथेच वाजतं. १९४६च्या ‘द बिग स्लीप’मधला हॅरी जोन्स बघा. दोनशे डॉलरला माहिती विकायला आलेला किरकोळ माणूस. अ‍ॅग्नेस नावाच्या बाईवर त्याचा जीव. ‘ती तुला जरा जास्तच मोठी आहे,’ अशा अर्थाचं बोगार्ट टाकून बोलतो. जोन्स गप्प बसत नाही, हे बोलणं घाणेरडं आहे असं तोंडावर सांगतो, आणि बोगार्टला ते मान्य करावं लागतं. पुढे कॅनिनो नावाचा गुंड अ‍ॅग्नेसचा पत्ता विचारतो. जोन्स पत्ता देतो, तो खोटा. मग समोर आलेला विषाचा पेला कसनुसं हसत पितो. त्या अख्ख्या सिनेमात इतकं सरळ वागणारा दुसरा कोण आहे, मला दाखवा. खून नक्की कोणी कोणाचा केला हे त्या सिनेमात आजही नीट उलगडत नाही, पण जोन्स लक्षात राहतो.

टीव्ही आला तेव्हा अशा नटांचं भलं झालं. मालिकेचा नायक पुढच्या आठवड्यात परत यायलाच हवा, म्हणजे दर आठवड्याला संकटात पडायला नवा माणूस लागणार. कुक ‘सुपरमॅन’मध्ये आला, ‘पेरी मेसन’मध्ये आला, ‘बॅटमॅन’मध्येही आला. १९६७ साली ‘स्टार ट्रेक’मध्ये तो वकील होता, संगणकावर विश्वास नसलेला, खोलीभर पुस्तकांचे ढीग घेऊन बसणारा. यात तो मरत नाही, उलट खटल्यात मालिकेच्या नायकाची, अंतराळयानाच्या कॅप्टन कर्कची बाजू राखतो. आणि ऐंशीच्या दशकात ‘मॅग्नम, पी.आय.’मध्ये आइस पिक नावाचा म्हातारा गुंड म्हणून अधूनमधून दिसत राहिला. त्या पिढीला तो तेवढाच माहीत. ऑस्करचं म्हणाल तर नामांकनसुद्धा कधी नाही.

‘मग त्याला वाईट वाटलं नसेल का?’ हाही नेहमीचा प्रश्न. त्याच्या मनातलं मी कसं सांगणार? राहणीवरून मात्र तसं वाटत नाही. ह्यूस्टन सांगायचा की कुक सिएरा नेवाडाच्या डोंगरात एकटा राहतो, गळाला लावायच्या खोट्या माश्या स्वतः बांधतो, सोनेरी ट्राउट मासे पकडतो, आणि सिनेमात काम निघालं की वर निरोप्या पाठवून त्याला बोलावून घ्यावं लागतं. काम झालं की स्वारी पुन्हा डोंगरात. हॉलीवूडच्या पार्ट्यांत ओळखी वाढवत हिंडणाऱ्या कितीतरी देखण्या चेहऱ्यांपेक्षा त्याची कारकीर्द लांबली. १९९५ साली, एक्याण्णव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या बिग पाइनला तो वारला. ‘फाल्कन’मधल्या प्रमुख नटांपैकी तेव्हा तोच उरला होता.

आता सुरुवात कुठून करायची? ‘शेन’चा तो प्रसंग मी सांगून बसलोय, तरी बघा, बिघडत नाही. त्यानंतर थेट स्टॅन्ली कुब्रिकचा ‘द किलिंग’ (१९५६). घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दरोडा आणि कुक तिथला खिडकीवरचा कॅशियर. बायकोला खूश करायला दरोड्यात सामील होतो आणि तिलाच सगळा बेत सांगून बसतो. बायको मरी विंडसर, त्याच्याहून चांगली उंच, आणि तिचं एकेक वाक्य म्हणजे चिमटा. शेवट सांगत नाही, फक्त पोपटाकडे लक्ष ठेवा. ‘हाउस ऑन हाँटेड हिल’ (१९५९) सगळ्यात शेवटी बघा, आणि तोही गंमत म्हणूनच. सिनेमा तसा बाळबोध आहे. कुक त्यात दारू ढोसत सगळ्यांना सांगत सुटतो की आज रात्री आपण मरणार, आणि स्वतः मात्र चक्क जिवंत राहतो.