गच्चीवरची कारली : सापळा भरला, तरी फळे किडकी

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की, कोवळ्या फळांत अंडी घालणाऱ्या फळमाशीसाठी टांगलेल्या सापळ्यात अकरा दिवसांत साठाहून अधिक माश्या पडल्या, तेव्हा कारल्याचा प्रश्न मिटल्यातच जमा आहे. तो मिटला नव्हता. त्याच आठवड्यात नऊ कोवळी कारली एका अंगाने वाकडी होऊन पिवळी पडली. त्यातले एक उभे चिरले, तर आतल्या मऊ गरात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि माशीने सालीला जिथे टोचले होते, तिथे डिंकासारखा थेंब सुकून बसला होता.

त्या अळ्या मी बरणीत ओलसर मातीवर ठेवल्या. त्या मातीत शिरून कोशात गेल्या आणि काही दिवसांनी माश्या बाहेर पडल्या. या माश्या आणि सापळ्यातल्या माश्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडून भिंगातून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. बरणीतल्या माश्या तांबूस असून त्यांच्या पंखांच्या कडेला रुंद तपकिरी पट्टा होता; सापळ्यातल्या माश्यांची पाठ काळसर आणि पंख जवळजवळ स्वच्छ होते. म्हणजे मी दुसरीच जात पकडत होतो! दुकानदाराने नुसते 'फळमाशीचे ल्युअर' (माशीला ओढणारे वासाचे आमिष) म्हणून दिलेली वडी मिथाइल युजेनॉलची निघाली. तिच्याकडे आंबा-पेरूवरच्या माशीचे नर येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यात आंब्यासाठी हेच आमिष असते. वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीला क्यू-ल्युअर लागते. पीक कोणते, हे विचारल्याशिवाय विक्रेत्याने ल्युअर हातात ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आता क्यू-ल्युअर टांगले आहे. परंतु त्यातही नरच सापडतात आणि बाहेरून, नराशी मीलन झालेली मादी येऊन अंडी घालतेच, म्हणून खरी भिस्त पिशव्यांवर ठेवली. वर्तमानपत्राच्या पिशव्या पहिल्याच सरीत फाटल्या. मग जुन्या सुती धोतराच्या वीतभर पिशव्या शिवल्या आणि फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांत, देठाशी सैल गाठ मारून, त्या चढवल्या. आठपैकी सात कारली निर्मळ निघाली. आठव्याला कापड चिकटले होते आणि माशीने कापडातूनच टोचले. तेव्हा पिशवी ऐसपैस हवी. पहिले अखंड कारले १४० ग्रॅम भरले आणि ते मी किती तरी वेळ हातात घेऊन बसलो होतो.

एक चूक मात्र महागात पडली. किडकी फळे मी कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकत होतो आणि अळ्यांना कोशात जायला तिथे आयतीच जागा मिळत होती. आता ती फळे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवतो. आच्छादनाचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे, तरीही कारल्याच्या दोन ग्रो बॅगांमधला पालापाचोळा दर रविवारी बाजूला सारून वरची दोन बोटे माती हलवतो, म्हणजे कोश उघडे पडतात.

पुढच्या हंगामात कारले वगळून चवळीच लावावी, असे ठरवून ही नोंद लिहायला घेतली होती. पण लिहिता लिहिता मक्याची आठवण झाली. ही माशी वेलावर फक्त अंडी घालायला येते आणि एरवी आसपासच्या झाडोऱ्यात, विशेषतः मक्यावर, विसावते. म्हणूनच शेतात कडेच्या मक्यावर विषारी आमिष फवारतात. मी विष वापरणार नाही, पण वेलापासून चार हात दूर मक्याच्या दोन कुंड्या ठेवून क्यू-ल्युअरचा सापळा त्यांच्या मधोमध टांगता येईल. चवळीचा बेत तूर्त बाजूला ठेवला आहे आणि मक्याचे बी आज रात्रीच भिजत घालत आहे.