तुम्ही विचारलंत म्हणून: योसेफाचा बाप कोण?

याकोब की एली? योसेफ म्हणजे येशूची आई मरीया हिचा नवरा. बायबलमध्ये येशूची वंशावळ दोन ठिकाणी येते आणि त्यात योसेफाचा बाप वेगवेगळा: मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात याकोब, लूकच्या तिसऱ्यात एली. नाताळ जवळ आला की हा प्रश्न येतोच. डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत; परवा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, माझा आ वासलेला असताना. विचारणाऱ्याला माझी फजिती बघायची असते, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

मी चर्चच्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवायचो तेव्हाची गोष्ट. बारा वर्षांची एक मुलगी पेरांवर नावं मोजत होती. "सर, मत्तय म्हणतो पिढ्यांचे तीन गट, चौदा, चौदा, चौदा. पण शेवटच्या गटात शल्तीएलपासून येशूपर्यंत तेराच होतात." मी म्हटलं, मधल्या गटातला शेवटचा यखन्या, त्याला दोनदा धर. ती म्हणाली, "मग पहिल्या गटातल्या शेवटच्या दाविदालाही दोनदा धरायचं का? मधले पंधरा होतील." पोरं हसली. तिनं लगेच पुढचं काढलं, याकोब की एली? मी ठोकून दिलं की लूकची वंशावळी मरीयेची, एली तिचा बाप. तिनं पानं उलटली. "इथं मरीयेचं नावच नाही, सर."

आणि मी म्हणालो, "दुसऱ्याच्या बापाची बरी चौकशी तुला!"

तिचे वडील दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते. सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. मलाही. तिनं शास्त्र मिटलं आणि तास संपेपर्यंत बाकाच्या कडेकडे बघत राहिली. पुढच्या रविवारी आली नाही. नंतरही नाही. मी तिच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही.

वाचायला लागलो ते त्यानंतर. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक आफ्रिकानस म्हणतो, याकोब आणि एली एका आईचे, पण बाप वेगळे. एली निपुत्रिक वारला, याकोबानं त्याच्या विधवेशी लग्न केलं; मेलेल्या भावाचा वंश असा चालवायचा, हा मोशेच्या नियमशास्त्राचा नियम. म्हणून योसेफ देहानं याकोबाचा, नियमशास्त्रानं एलीचा. सोय तर छान आहे. जरा जास्तच छान आहे.

मला पटतं ते दुसरंच. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे वंशावळ देतात ना, ती हक्क दाखवायला असते. मत्तयाला येशूचा दावीद राजाच्या सिंहासनावरचा हक्क दाखवायचाय. इब्री (हिब्रू) भाषेत प्रत्येक अक्षराला अंक असतो; ती किंमत धरली तर 'दावीद' म्हणजे ४ + ६ + ४, चौदा. त्या चौदासाठीच योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गळले असावेत. लूक दाविदाचा मुलगा शलमोन याच्याऐवजी दुसरा मुलगा नाथान याच्या शाखेनं थेट आदामापर्यंत जातो. त्याला सगळी माणसंच हवीत.

पण मग आमच्या जमिनीच्या वंशावळीत आत्याचं नाव गाळलं, त्याला मी लबाडी का म्हणतो? शास्त्रात तेच झालं की 'हेतू' म्हणायचं? यावर माझ्याकडे धड उत्तर नाही. मत्तयानं निदान चार बायका ठेवल्या: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. ज्यांच्यावरून कुजबुज होईल नेमक्या त्याच. पुरुष गाळले, या नाही गाळल्या. हे मी तेव्हा वर्गात सांगू शकलो असतो.

सोमवारी दाढ काढायला जायचंय. डॉक्टरांना बहुतेक सांगेन, दोघंही. ते विचारतील, म्हणजे? तोवर भूल चढली तर बरं.