आम्हाला कोणी विचारलं?

जातपंचायतीचे पंच स्वतःहून वकिलाला भेटायला येतील असं वाटलं नव्हतं. एरवी नोटीस गेली की आधी फोन येतात, मग कुठला तरी पुढारी मध्ये पडतो. हे तिघे रिसेसमध्ये थेट नाशकातल्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात, माझ्या टेबलापाशी. त्यातले एक निवृत्त शिक्षक. बोलायला तेच.

माझी अशील धुणीभांडी करणारी विधवा. मुलीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून सगळं घर वाळीत. ५१ हजार दंड भरला तर जातगंगेत परत घेऊ, असा निवाडा. उसनवारी करून तिनं निम्मा भरलाही होता. पावतीवर देवीचा फोटो, खाली 'मंदिर जीर्णोद्धार देणगी' आणि न वाचता येणारी सही. दंडाचा उल्लेख कुठेच नाही. अशा केसेस इथंच अडतात. वाळीत टाकल्याचा कागद कोण देणार? पुरावा म्हणजे पुतण्याच्या हळदीला मांडवाबाहेर ताटकळलेली बाई, आणि ते बघूनही साक्षीला न येणारे पाहुणे.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "तुमचा तो मानवी हक्कांचा जाहीरनामा परदेशात बसून लिहिला. आम्हाला कोणी विचारलं? आमची भांडणं आम्ही एका बैठकीत मिटवतो. ते बंद करून तुम्ही काय देणार? तारखा?"

तारखांचा टोला वर्मी लागला. शिवाय आपला माणूस बाहेर काढायचा हक्क समाजाला असतो, असं म्हणणारे काही हे तिघेच नाहीत. मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हांनी भिन्नमत दिलं होतं. मला ते आजही पटतं.

जाहीरनाम्याचं मात्र मी ऐकून घेतलं नाही. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांत त्यावर मतदान झालं: ४८ देश बाजूनं, विरोधात कोणीच नाही, ८ तटस्थ. भारत बाजूनं होता. सौदी अरेबिया तटस्थ. त्यांची हरकत लग्नाच्या आणि धर्म बदलण्याच्या हक्कावर. "म्हणजे गुरुजी, तिथंही गाडं लग्नावरच अडलं होतं." ते हसले. मग मी इथल्याच काळाराम मंदिराचा विषय काढला. १९३० च्या सत्याग्रहात दार अडवणारेही परंपरेचंच नाव घेत होते, आणि दार उघडा म्हणणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातले, परदेशातले नव्हेत.

आईशेजारी इतका वेळ गप्प बसलेली अशिलाची मुलगी बोलली, "काका, आम्हाला तरी कोणी विचारलं? निवाडा चालू असताना माझी आई ओट्याखाली उभी होती."

गुरुजींकडे उत्तर नव्हतं. पण आईनंच मला हात जोडले. "ताई, यांना जेलात नका घालू. उद्या मी मेले तर खांदा यांनीच द्यायचाय." मुलगी संतापून उठली. तिचा राग खरा होता, आईची गरजही. त्या बाईला हक्कही हवा होता आणि जातही, आणि यातलं एक सोड म्हणणारी मी कोण?

२०१३ मध्ये नाशकात जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला बापानंच मारलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) जातपंचायतविरोधी अभियान त्यानंतर उभं राहिलं आणि पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, दंड १ लाखापर्यंत. गुन्हा दाखल झाल्यावरही पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असली तर तडजोड होते, हे मी आईला समजावलं.

तिनं जरा विचार करून अटी सांगितल्या. पैसे परत, लग्नकार्याचं आवतण, आणि पुढच्या बैठकीला ती ओट्यावर बसणार. पहिल्या दोन त्यांनी लगेच मान्य केल्या. तिसरीवर गुरुजी म्हणाले, "बायका बैठकीत बसत नाहीत. विचारून सांगतो."

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. परवा तिचाच फोन आला: तक्रारीचा मसुदा तयार ठेवा, सोमवारी पोलीस ठाण्यात देऊन येऊ.