पारच्या अल्याड, पारच्या पल्याड

नाशिक-पेठ रस्त्यावरचा सावळघाट, करंजाळीचा चहा, घाटात अडकलेले ट्रक यांवर पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते पेठ तालुक्यातल्या झरीच्या बाजूचं, पार नदीच्या काठचं.

तिथल्या एका पाड्यावर दुपारी पोचलो. ओळख ना पाळख, पण जेवल्याशिवाय सोडेनात. नागलीची गरम भाकरी, खुरासणीची चटणी. मामी वाढतच होत्या. शेवटी ताटावर हात आडवा धरला. त्यांची लेक गुजरातेत धरमपूरकडे दिलेली, सून तिकडच्याच डांगातली. राज्य बदललं तरी दोन्हीकडे कोकणा आदिवासीच, बोली तीच, डोंगऱ्यादेव तोच. शिवेवरचा वाघदेव मामांनी मुद्दाम नेऊन दाखवला: शेंदराने माखलेला लाकडी पाट, त्यावर कोरलेला वाघ, नाग, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला पल्याडचे गुराखीही इथे येतात म्हणाले.

मग त्यांनी नदीकडे हात केला. "धरण झालं असतं तर ही शेतं गेली असती. खाली पाहुण्यांचीही."

पार, तापी आणि नर्मदा या नद्या जोडायच्या पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाचं ते बोलत होते. सात धरणं, त्यांतलं झरीचं एकच महाराष्ट्रात, बाकी गुजरातेत. खाली याच पारवर मोहनकावचाळीचं. 3 मे 2010 च्या करारावर केंद्र, गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सह्या आहेत. ज्यांची शेतं आणि जंगल बुडणार, त्यांना त्या टेबलाशी जागाच नव्हती. 2022 च्या अर्थसंकल्पात प्रकल्पाचं नाव पुन्हा आलं, धरमपूर-डांगात आदिवासी रस्त्यावर उतरले आणि मे महिन्यात गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी तो रद्द केल्याचं जाहीर केलं. म्हणजे विचारलं नाही म्हणून ओरडावं लागलं. मला याचा मनापासून राग येतो.

हे जगात इतरत्रही झालंय. कोलंबिया नदीवर अमेरिका आणि कॅनडा यांचा करार 1964 मध्ये लागू झाला, तेव्हा तिथल्या मूळनिवासींना कुणी विचारलं नव्हतं. 2019 मध्ये मात्र कॅनडाने तीन मूळनिवासी राष्ट्रांच्या प्रतिनिधींना वाटाघाटींत निरीक्षक म्हणून बसवलं. उशिरा का होईना, बसवलं. सीमेने तुटलेल्या मूळनिवासींना पलीकडच्या आपल्या माणसांशी संबंध आणि सहकार्य ठेवण्याचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा 2007 चा जाहीरनामा सांगतो. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं होतं. तो देशांच्या सीमांबद्दल बोलतो हे खरं, पण पारच्या काठी अडचण तीच आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते, पण ती ज्या त्या गावापुरती. अल्याड-पल्याडच्या ग्रामसभा एकत्र बसाव्यात, नदीचं, जंगलाचं, पाण्याचं मिळून ठरवावं आणि मगच राज्यांनी सह्या कराव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

मामांना विचारलं, अशी बैठक ठरली तर कुठे घ्यायची?

"उन्हाळ्यात नदीतच बसू. खडक मोप आहेत. पण कागद आधी वाचून दाखवायचे, सही नंतर."